पत्तावही कोणाच्या स्वाधीन?

गतवर्षीच्या पावसाळ्यात आपल्या शाळेचे एक निवृत्त शिक्षक कैलासवासी झाले. तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी येथे गणित शिकविले. बेळगावातील अशी गल्ली क्वचितच असेल की जीत त्यांचा विद्यार्थी सापडणार नाही. निधनाची वार्ता सकाळी शाळेत येऊन पोहोचली तेव्हा ती त्यांच्या माजी विद्यार्थ्यांना कळवावी असे साहजिकच ठरले. कोणी आपल्या मोबाईलवरून पाच जणांस कळविले, कोणी दहा जणांस. एका तुकडीचा व्हॉट्सॲपवर समूह होता, त्यात मजकूर टाकण्यात आला. दुपारपर्यंत सर्वांस कळले, अशा समजुतीत आम्ही अंत्ययात्रेला गेलो.

आठ महिन्यांनी शाळेच्या कार्यालयात एक पत्र आले. लिहिणारे गृहस्थ शाळेचे माजी विद्यार्थी. सैन्यातून निवृत्त होऊन कोल्हापूरजवळच्या एका गावी स्थायिक झालेले. बेळगावास एका लग्नासाठी आले असता मांडवात त्यांना गुरुजी गेल्याचे कळले. दहावीच्या वर्षी त्यांची परीक्षेची फी गुरुजींनी आपल्या खिशातून भरली होती. पत्रात राग नव्हता. "कोल्हापूर काही विलायतेत नाही," असे त्यांनी लिहिले होते, "सकाळी कळते, तर दुपारी मी स्मशानात असतो."

पत्र वाचून मी अस्वस्थ झालो व शोध घेऊ लागलो. या गृहस्थांचा पत्ता आमच्यापाशी होता काय? होता, एक सोडून तीन ठिकाणी होता. आमच्या जुन्या शिपाईमामांच्या लाल कापडी बांधणीच्या वहीत होता. पण ती वही कपाटात कोठे आहे हे मामा निवृत्त झाल्यापासून कोणासच ठाऊक नव्हते. काही वर्षांपूर्वीच्या मेळाव्याच्या निमित्ताने संगणकावर केलेल्या यादीत होता. पण ती यादी त्या काळच्या एका खास टंकात लिहिलेली, तो टंक नव्या संगणकावर नाही, आणि त्यामुळे फाईल उघडली की इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची अर्थशून्य खिचडी दिसते. आणि एका सहकाऱ्याच्या मोबाईलमध्ये होता. ते सहकारी त्या दिवशी परगावी होते. तीन ठिकाणी असलेला पत्ता ऐन वेळी एकाही ठिकाणी हाती लागला नाही.

त्या पत्रानंतर शाळेची पत्तावही संगणकावर नीट बसविण्याचे काम मी अंगावर घेतले. एक वर्ष त्यात गेले. त्या अनुभवावरून माझे जे मत बनले आहे ते या अंकातून वाचकांपुढे मांडावे, म्हणून हा लेख. मत थोडक्यात असे की, ज्या संस्थेला, किंबहुना ज्या कुटुंबाला, आपली माणसे टिकवावयाची आहेत, त्याने आपली पत्तावही स्वतःच्या संगणकावर, स्वतःच्या फाईलमध्ये, एका नेमलेल्या माणसाच्या देखरेखीखाली ठेवली पाहिजे. ती खिशातल्या मोबाईलवर आणि समूहांवर सोपवून निश्चिंत होऊ नये.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: "मोबाईलमध्ये सगळे आहे की!" खरोखर काय आहे ते एकदा पाहावे. मी माझाच मोबाईल उघडून पाहिला. 'जोशी सर', 'जोशी सर २', 'जोशी नवीन', 'राजू नळवाला', 'गॅस', 'शेजारी वहिनी', 'दादा ऑफिस', 'दादा ऑफिस जुना' अशी ती नामावळी. यातील 'जोशी नवीन' हे कोण, हे मला आजही सांगता येणार नाही. मोबाईलच्या यादीला क्रमांक माहीत असतो, माणूस माहीत नसतो. शिवाय ती यादी त्या एका व्यक्तीची असते. शिक्षक निवृत्त झाले की शाळेच्या दोनशे माणसांचा ठावठिकाणा त्यांच्या खिशातून घरी जातो, आणि कोणी काही नेले असे कोणाच्या ध्यानातही येत नाही. समूहांचे म्हणाल, तर त्यांत एक दोष अंगभूतच आहे: जो समूहात नाही, त्याची उणीव समूहाला भासत नाही. कोल्हापूरचे ते माजी सैनिक कोणत्याच समूहात नव्हते. त्यांच्या तुकडीचा समूह त्या दिवशी भरलेला आणि समाधानी होता.

संगणकावर पत्तावही ठेवण्याच्या आज्ञावल्या, ज्यांस सर्वत्र ॲड्रेस बुक म्हणतात, या काही आजच्या नव्हेत. १९८४ साली बोरलँड कंपनीने विक्रीस काढलेल्या साइडकिक नामक आज्ञावलीत टिपणवही, गणकयंत्र आणि दिनदर्शिका यांच्या जोडीस दूरध्वनी क्रमांकांची सूचीही होती. त्यानंतर अशा कितीतरी आल्या आणि गेल्या. त्यांची जंत्री येथे देण्याचे कारण नाही. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट एवढीच की, ज्यांनी आपले पत्ते केवळ त्या त्या आज्ञावलीच्या खासगी फाईलमध्ये कोंडून ठेवले, त्यांचे पत्ते बहुधा त्या आज्ञावलीबरोबरच गेले. ज्यांनी ते सर्वमान्य स्वरूपात उतरवून ठेवले, त्यांचे राहिले.

हे सर्वमान्य स्वरूप म्हणजे व्हीकार्ड. १९९५ साली ॲपल, एटी अँड टी, आयबीएम व सीमेन्स या चार कंपन्यांच्या व्हर्सिट नावाच्या संघाने ते सिद्ध केले. पुढे आंतरजालाचे नियम ठरविणाऱ्या मंडळींनी ते आपल्याकडे घेऊन १९९८ साली त्याची तिसरी आणि २०११ साली चौथी आवृत्ती प्रसिद्ध केली. स्वरूप इतके साधे आहे की, साध्या टिपणवहीतही ते उघडून वाचता येते: आरंभीची एक ठरलेली ओळ, शेवटची एक ठरलेली ओळ, आणि मध्ये एकेका ओळीत नाव, पत्ता, दूरध्वनी, जन्मतारीख. चौथ्या आवृत्तीत मजकूर युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीनेच लिहिला पाहिजे असा दंडक आहे, आणि आपणां मराठी लिहिणारांच्या दृष्टीने हा दंडक म्हणजे मोठाच दिलासा होय. मेळाव्याच्या यादीची जी खिचडी झाली, ती या पद्धतीने लिहिली असती तर झाली नसती.

अशा ठरीव स्वरूपाचे महत्त्व आपल्या देशाला अपरिचित नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी टपाल खात्याने सहा अंकी पिन कोड सुरू केला. त्यामागे दळणवळण खात्यातील अधिकारी व संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची योजना होती. तोपर्यंत सारख्या नावाच्या गावांनी आणि नाना लिप्यांतील अक्षरांनी टपालवाटप करणारांस जेरीस आणले होते. सहा अंकांनी काय केले? पत्ता कोणत्याही भाषेत लिहिलेला असो, पत्र योग्य टपालकचेरीपर्यंत पोहोचण्याची सोय केली. व्हीकार्डचे काम तसलेच. एका आज्ञावलीतून निघालेली नोंद दुसरीने वाचावी, आणि दुसरी बंद पडली तर तिसरीने.

आम्ही शाळेसाठी थंडरबर्ड ही आज्ञावली निवडली. ती मोझिलाची, तिची पहिली पूर्ण आवृत्ती २००४ च्या डिसेंबरात आली, आणि ती विनामूल्य आहे. ती मुळात ई-मेलसाठी असली तरी तिच्या पोटातील पत्तावही स्वतंत्रपणे वापरता येते, आणि २०२२ च्या आवृत्तीपासून त्या पत्तावहीची रचना व्हीकार्डवरच बेतलेली आहे. नोंदी आपल्याच संगणकावरच्या फाईलमध्ये राहतात. या बाबतीत एका गोष्टीची सूचना मात्र नव्या वापरणाऱ्यास अवश्य द्यावीशी वाटते. या आज्ञावलीत आरंभीच दोन वह्या असतात: एक आपण जाणीवपूर्वक भरतो ती, आणि दुसरी 'संकलित' पत्त्यांची. आपण ज्यास ज्यास पत्र पाठवितो, त्याचा पत्ता ही दुसरी वही आपण होऊन टिपून ठेवते. सोय म्हणून ती ठीक. पण पुस्तकविक्रेते, परीक्षा मंडळ, चुकीचा लिहून परत आलेला पत्ता असे सर्व काही तीत साचते. तिला पत्तावही समजणे म्हणजे बैठकीतील रद्दीच्या गठ्ठ्यास ग्रंथसंग्रह समजण्यासारखे आहे.

आता खऱ्या अडचणीकडे वळतो. यंत्र अडचण करीत नाही. अडचण करते ते नाव.

या सर्व आज्ञावल्या पाश्चात्य नामपद्धतीवर घडलेल्या. पहिले नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव असे त्रिदळ. त्यातून शाळेच्या नोंदवहीत आडनाव आधी. एका स्वयंसेवक विद्यार्थ्याने उत्साहाने दोनशे नोंदी केल्या आणि प्रत्येक नावापुढे आदराने 'श्री.' किंवा 'सौ.' लिहिले. परिणाम असा झाला की, वर्णानुक्रम लावताच अर्धी शाळा 'श' या अक्षराखाली व उरलेली 'स' खाली जाऊन बसली. आदरार्थी उपपदासाठी निराळा रकाना असतो, हे त्याला सांगावे लागले. चूक त्याची नव्हे. आधी मीच ते सांगावयास हवे होते.

मग आला गावाच्या नावाचा घोळ. सरकारी कागदोपत्री १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे नाव बेळगावी झाले. आम्ही मराठीत बेळगाव लिहितो. जुनी मंडळी इंग्रजीत निराळ्या अक्षरांनी लिहितात, नवी निराळ्या अक्षरांनी. त्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु संगणकास त्यांतील प्रत्येक नाव म्हणजे एक निराळे गाव. टिळकवाडीत राहणाऱ्या सर्वांची यादी मागितली तर तो चौदा जण देतो, आणि चाळीस जण चार निराळ्या शुद्धलेखनांत दडून बसतात. आम्ही शेवटी नियम केला: नाव व गल्ली देवनागरीत, गावाचे नाव एकाच ठरीव पद्धतीने, आणि पिन कोड भरल्याशिवाय नोंद पुरी समजावयाची नाही. ५९० ने आरंभ होणाऱ्या त्या सहा अंकांनी जितका घोळ निस्तरला, तितका आमच्या शुद्धलेखनाने निस्तरला नाही.

सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट आढळली ती विद्यार्थिनींच्या नोंदींत. जुन्या याद्या चाळताना दिसले की, मुलग्यांचे पत्ते बदलत बदलत का होईना पुढे चालू राहतात. मुलींचे पत्ते मात्र एका ठराविक वर्षी थांबतात. ते वर्ष लग्नाचे. त्यानंतर आडनाव बदलले, मधले नाव बदलले, कित्येकींचे तर स्वतःचे नावही सासरी बदलले, आणि शाळेच्या लेखी ती विद्यार्थिनी नाहीशी झाली. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यास "मुली फारशा येत नाहीत" असे आम्ही वर्षानुवर्षे म्हणत आलो. बोलावणेच गेले नसेल तर त्या येतील कशा? निमंत्रणे जात होती ती माहेरच्या, आणि पुष्कळदा पाडून टाकलेल्या, घराच्या पत्त्यावर.

यावर तोड म्हणून आम्ही टोपणनावाचा जो रकाना असतो त्यात शाळेच्या पटावरील मूळ नाव लिहावयाचे ठरविले. आता कोणी "अमुक साली आमच्या वर्गात शहापूरची देशपांडे होती, ती कोठे असते?" असे विचारले तर मूळ नावाने शोधूनही आजची नोंद सापडते. गेल्या सहा महिन्यांत अशा एकशे दहा विद्यार्थिनींचा पत्ता लागला. एक बाई वडोदऱ्याहून बोलत होत्या. आपले पटावरचे नाव दूरध्वनीवर ऐकून त्या क्षणभर काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "या नावाने मला हाक मारून चाळीस वर्षे झाली असतील."

नातेसंबंधांच्या बाबतीत मात्र व्हीकार्ड आपल्यापुढे अगदीच तोकडे आहे. चौथ्या आवृत्तीत एका नोंदीचा दुसरीशी संबंध दाखविण्याची सोय केलेली आहे. तीत पालक, अपत्य, भावंड, जोडीदार, आप्त, शेजारी, सहकारी हे आहेत. एवढेच नव्हे तर प्रियतमा आणि स्फूर्तिदेवता यांचीही तरतूद आहे. नाहीत ते मामा, काका, आत्या, मावशी, मेहुणे, व्याही. या सर्वांनी 'आप्त' या एकाच सदरात दाटीवाटीने बसावयाचे. ज्या समाजात लग्नाच्या निमंत्रणाचा क्रमच नात्यावरून ठरतो, तेथे ही व्यवस्था कशी चालावी? आम्ही नाते टीपेच्या रकान्यात मराठीत लिहितो. ती सोय प्रत्येक आज्ञावलीत असते, आणि माझ्या मते साऱ्या पत्तावहीत तोच रकाना अधिक मोलाचा.

माझ्या हातून घडलेल्या दोन चुका येथे सांगणे मला आवश्यक वाटते. पहिली तक्त्याची. सर्व क्रमांक एकसारखे असावेत म्हणून मी मोबाईलच्या दहा अंकांपुढे देशाचे ९१ हे अंक जोडले आणि रकान्यांचा तक्ता करणाऱ्या आज्ञावलीत ते भरले. बारा अंकी संख्या पाहताच तिने तो दूरध्वनी क्रमांक न मानता मोठी राशी मानली आणि शास्त्रीय पद्धतीने, म्हणजे आरंभीचे थोडे अंक व पुढे दहाचा घात अशी, आखडून दाखविली. मी ते न पाहता स्वल्पविरामांनी विभागलेली फाईल करून जतन केली. पुन्हा उघडली तेव्हा आरंभीचे पाचसहा अंक तेवढे शिल्लक, आणि पुढे सगळी शून्ये! तीनशे माणसांचे क्रमांक एका क्षणात गेले. जुन्या घरगुती दूरध्वनींच्या ०८३१ या संकेतांकातील आरंभीचे शून्यही अशाच रीतीने गळाले. मूळ कागद टाकून दिले नव्हते म्हणून निभावले. तेव्हापासून क्रमांकाचा रकाना हा आकड्यांचा नसून मजकुराचा आहे, असे आधी बजावल्यावाचून मी एकही अंक लिहीत नाही.

दुसरी चूक अधिक लाजिरवाणी. पत्ते गोळा करीत असताना एकाच नावाच्या दोन नोंदी वारंवार सापडत. एका आज्ञावलीत 'दुबार नोंदी एकत्र करा' अशी सोय होती. मी कळ दाबली. पन्नाससाठ दुबार नोंदी झटक्यात एक झाल्या आणि मला फार बरे वाटले. दोन महिन्यांनी कळले की त्यांत एक चुलते-पुतणे होते. आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची आपली रीत. त्यातून दोघांची आद्याक्षरे एक, आडनाव एक, राहते घर एक. आज्ञावलीने दोघांचा एकच माणूस केला. काकांचा जन्मदिवस पुतण्यास लागला आणि पुतण्याची दुबईची नोकरी सत्तरी उलटलेल्या काकांस. आपल्याकडे एकाच घरात एकाच आद्याक्षरांची माणसे असणे हा अपवाद नव्हे. दुबार नोंद जुळविताना दोन्ही बाजूंस बसून माणसानेच पाहिले पाहिजे. ते काम कळीवर सोपवू नये.

पत्तावही ही वस्तू निरुपद्रवी आहे, असेही कोणी समजू नये. १९९९ च्या मार्चमध्ये मेलिसा नावाचा संगणक-विषाणू पसरला तो पत्तावहीच्याच वाटेने: ज्याच्या संगणकात शिरे, त्याच्या आउटलुकमधील पहिल्या पन्नास पत्त्यांवर तो स्वतःची प्रत त्याच्याच नावाने पाठवी. पुढील वर्षीच्या मे महिन्यात आलेला 'आय लव्ह यू' हा विषाणू तर पहिल्या पन्नासांवरही थांबला नाही. त्याने सगळीच वही घेतली. लोकांनी त्या फाईली उघडल्या, कारण पाठविणारा ओळखीचा होता. म्हणजे आपल्या वहीत ज्यांनी विश्वासाने आपला पत्ता दिला, त्यांच्या दाराशी चोर नेण्याचे काम आपल्याच नावाने झाले. यास्तव शाळेची वही ज्या संगणकावर आहे, त्यावर मुलांनी खेळ उतरविण्यास मी मनाई केली आहे, आणि त्याबद्दल मुलांत माझी जी ख्याती झाली आहे ती मला ठाऊक आहे.

शिवाय आता कायदाही आहे. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या वा घरगुती कामासाठी ठेवलेल्या माहितीस तो लागू नाही; पण शाळा म्हणजे घर नव्हे. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हवी, आणि आपली नोंद दुरुस्त करा वा काढून टाका असे सांगण्याचा हक्क माणसास आहे. मला हे योग्य वाटते. काही माजी विद्यार्थी "सर्वांची यादी आम्हांस द्या, आम्ही आमच्या धंद्याचे पत्रक पाठवू" अशी मागणी करतात, आणि नकार दिला की रागावतात. शाळेला पत्ता दिला तो शाळेच्या निरोपासाठी. विम्याच्या आणि भूखंडांच्या जाहिरातींसाठी नव्हे.

मृतांच्या नोंदींबद्दल आमच्यात मतभेद झाला. माझ्या एका सहकारी बाईंचे म्हणणे असे की त्या काढून टाकाव्यात. मागे एकदा एका कैलासवासी गृहस्थांच्या नावे मेळाव्याचे निमंत्रण गेले होते आणि त्यांच्या पत्नीने ते डोळ्यांत पाणी आणून परत आणून दिले होते. त्यांचा मुद्दा मला समजतो. तरीही माझे मत निराळे आहे. २०११ च्या डिसेंबरात व्हीकार्डला जी पुरवणी जोडली गेली, तीत मृत्यूची तारीख व स्थळ यांचीही सोय आहे. म्हणजे हा विचार अन्यत्रही कोणास सुचला आहे. नोंद पुसली तर पुढील वर्षी कोणीतरी जुन्या यादीतून तेच नाव पुन्हा उत्साहाने भरील, आणि निमंत्रण पुन्हा जाईल. नोंद राहिली आणि तीवर तारीख पडली तर ते होणार नाही. आम्ही अशा नोंदी निराळ्या वहीत हलविल्या आहेत. निमंत्रणे त्या वहीकडे पाहत नाहीत; श्रद्धांजलीचे पान मात्र तेथूनच तयार होते.

"मग यापेक्षा मामांची लाल वही काय वाईट होती?" असा प्रश्न एकाने विचारला. वाईट नव्हतीच. ती अखेर प्रयोगशाळेच्या माळ्यावर सापडली, आणि ती वाचताना मला संगणकाच्या वहीचा उणेपणा स्पष्ट दिसला. मामा पत्ता बदलला की जुना खोडीत ते एकाच रेघेने, म्हणजे खालचा मजकूर वाचता येई. बाजूस बारीक अक्षरात 'धाकट्या भावाने सांगितले, दिवाळी' असे लिहीत. एका ठिकाणी 'मागील दाराने जावे, पुढे कुत्रा' असेही आहे. संगणकावर नवा पत्ता लिहिला की जुना निमूटपणे नष्ट होतो, आणि कोणी सांगितले, केव्हा सांगितले, हे यंत्र विचारीत नाही. दूरध्वनीचे क्रमांक किती वेळा बदलले! सहा अंकांच्या आरंभी दोनाचा अंक येऊन सात झाले. १५ जानेवारी २०२१ पासून घरच्या दूरध्वनीवरून मोबाईल लावताना आधी शून्य लावावे लागू लागले. ज्या नोंदीवर तारीख नाही, ती कोणत्या काळातील हे कसे ओळखावे? म्हणून मामांची रीत आम्ही टीपेच्या रकान्यात चालू ठेवली आहे: जुना पत्ता, बदलाची तारीख, सांगणाऱ्याचे नाव. यास प्रत्येक नोंदीमागे एक मिनिट अधिक लागते. मामांनाही लागत असेल.

कागद आणि संगणक यांत एकाची निवड करावयाची, हे मला पटत नाही. दर जूनमध्ये सबंध वही छापून काढावी आणि बांधून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावी; त्याच दिवशी तिची व्हीकार्ड स्वरूपातील प्रत काढून ती शाळेबाहेर एका विश्वासू ठिकाणी ठेवावी. वीज गेली तर कागद आहे, आणि कागदास वाळवी लागली तर फाईल. वही सांभाळणारा माणूस मात्र एकच असावा, त्याचे नाव सर्वांस माहीत असावे, आणि तो निवृत्त होताना किल्ल्यांबरोबर वहीही रीतसर दुसऱ्याच्या स्वाधीन करावी. हे शेवटचे कलम घालावयास आमच्या समितीला तीन बैठका लागल्या. एरवी जी कामे कोणीच करीत नाही, त्यांवर हक्क सांगणारे पुष्कळ निघतात.

सांप्रत वहीत सुमारे सातशे नोंदी आहेत. शाळेतून बाहेर पडलेल्यांच्या मानाने हा आकडा अगदीच अल्प आहे. १९७५ पूर्वीच्या तुकड्यांची माहिती जवळजवळ नाही, आणि ती देऊ शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत; तेव्हा ज्या विद्यार्थ्यांचे आजी-आजोबा या शाळेत शिकले असतील, त्यांनी या उन्हाळ्याच्या सुटीत त्यांच्यापाशी तासभर बसून वर्गातील जितकी नावे आठवतील तितकी लिहून आणावीत. आडनाव आठवत नसेल तर गल्ली लिहावी. कार्यालयाच्या खिडकीपाशी त्यासाठी एक पेटी ठेविली आहे.

कोल्हापूरच्या त्या माजी सैनिकांची नोंद मी पहिल्याच दिवशी केली. नाव, गाव, पिन कोड, त्यांचा व त्यांच्या मुलाचा मोबाईल, पटावरचे वर्ष. टीपेच्या रकान्यात लिहिले आहे: 'शाळेतील कोणत्याही जुन्या शिक्षकांविषयी वार्ता आल्यास यांस प्रथम कळवावे. रात्रीही चालेल, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे.'